गीझरवाला फ्लॅट

पश्चिमेकडे तोंड असलेला हॉल गिऱ्हाइकाला सकाळी दाखवावा. संध्याकाळी दाखवला तर ऊन थेट अंगावर येतं, माणूस आत शिरल्या शिरल्या घाम पुसायला लागतो आणि मग बोलतो तो भाव पाडूनच. तळमजल्याचा फ्लॅट भर दुपारी दाखवावा. तेवढाच वेळ तिथे उजेड असतो. तीन घरं दाखवायची तर पहिलं परवडणार नाही असं, दुसरं बघवणार नाही असं, आणि जे द्यायचंय ते तिसरं. हे मी कुठे वाचलेलं नाही. मीरा रोड-भाईंदरच्या जिन्यांवर गुडघे झिजवून शिकले. आता त्या गुडघ्यांना लिफ्ट नसलेली बिल्डिंग लांबूनच कळते.

या अंकाच्या संपादकांना घर मीच मिळवून दिलं. त्यांनी माझी दलाली अर्ध्यावर आणली आणि वर लेख मागितला. धंद्यातल्या गमती लिहा म्हणाले. गमती आहेत. पण त्या गमतींच्या मधोमध एक घर येतं आणि ते टाळून मला लिहिता येणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, हा माझा नियम आहे. तो कसा झाला तेही पुढे येईल.

शांती नगरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात माझं अर्धं टेबल आहे. उरलेल्या अर्ध्यावर लॅमिनेशनचं मशीन. लोक मला तांबे मॅडम म्हणतात, चिडले की दलाल म्हणतात. काम सोपं वाटतं. एकाकडे घर असतं, दुसऱ्याला हवं असतं, आपण मध्ये उभं राहायचं. भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, सोसायटीची परवानगी. विक्री असेल तर कागद जास्त आणि भांडणंही जास्त. पण कागद कोणीही करतो. आमचं खरं काम म्हणजे गिऱ्हाईक जे विचारत नाही ते ऐकणं. नवरा ‘शाळा जवळ आहे का’ विचारतो, तेव्हा बायको खिडकीतून समोरच्या घरातलं दिसतं का ते बघत असते. घर बायको घेणार असते. त्यामुळे मी नवऱ्याला पार्किंग दाखवायला वॉचमनबरोबर खाली पाठवते आणि बाईबरोबर स्वयंपाकघरात उभी राहते.

एक गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले. प्रत्येक फ्लॅटमध्ये गेले की बेडरूमच्या फरशीवर रुमाल अंथरून आडवे व्हायचे. चारही दिशांना डोकं करून बघायचे आणि उठून म्हणायचे, ‘नाही.’ अकरा घरं झाली. मी रागीट बाई आहे. सातव्या घरात त्यांना म्हटलं होतं, ‘आजोबा, मी घरं विकते, कबरी नाही.’ ते हसले आणि आठव्या घरात पुन्हा आडवे झाले. बाराव्या घरात ते झोपलेच. खरोखर झोपले, घोरायला लागले. मी बाहेरच्या खोलीत पाऊण तास उकिडवी बसून राहिले. उठले आणि म्हणाले, ‘हे घ्यायचं.’ भाव केला नाही. ते अजून तिथेच राहतात. दिवाळीत चकल्या पाठवतात.

असे बरेच. पण जात, धर्म, पगार, मजला काहीही असो, एक प्रश्न सगळे विचारतात आणि शेवटी विचारतात. चपला घालताना, आवाज उतरवून. गुजराती असेल, मराठी असेल, यूपीचा असेल, हिंदीतच येतो प्रश्न: ‘यहाँ कुछ हुआ तो नहीं ना?’ म्हणजे इथे कोणी मेलंय का. जणू बाकीच्या घरांतली माणसं अमर आहेत. पण हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. माझ्या घरात झालंय.

आम्ही मूळचे दापोलीकडचे. माझे मिस्टर विलास छापखान्यात कामाला होते, आधी परळला दहा बाय दहाच्या खोलीत राहायचो. भाईंदर पूर्वेला वन रूम किचन घेतलं तेव्हा मला वाटलं, आपण महाल घेतला. तिसरा मजला, जिन्यावर समोरासमोर दोन दारं. समोर हंसाबेन आणि त्यांचे मिस्टर. मी साड्यांना फॉल-पिको करायचे. सुमेध आमचा एकुलता, चौथीत होता.

भाव करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायका केबिन रोडला खरेदीला निघाल्या की मला बोलवायच्या, वकील करतात तशी. मी दुकानदाराला अर्धी किंमत सांगायची, तो हसायचा, मी पायरी उतरायची, तो हाक मारायचा. सगळ्या बायका माझ्याकडे बघत असायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

त्या थंडीत आम्ही गॅसचा गीझर घेतला. लावायला आलेल्या माणसाने बाथरूम बघितलं. डक्टकडच्या छोट्या खिडकीवर मी प्लास्टिकचा पत्रा ठोकून घेतला होता, कबुतरं फार यायची. तो म्हणाला, हा पत्रा काढा आणि इथे हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, नाहीतर गीझर बाहेर पॅसेजमध्ये घ्या आणि पाइप आत आणा. दोन्हीचा त्याने खर्च सांगितला. मी म्हटलं, गीझर आतच लाव, पाइप वाचला. पंखा राहू दे, पुढे बघू. तो म्हणाला, ‘भाभी, लगवा लो.’ मी म्हटलं, तुझं कमिशन असेल त्यात. तो गप्प झाला आणि मी जिंकले. संध्याकाळी विलासना फुशारकीने सांगितलंसुद्धा, किती वाचवले ते.

महिन्याभराने एका रविवारी मी फॉल लावलेल्या साड्या पोचवायला गेले. विलास सुमेधला डोक्यावरून आंघोळ घालत होते. मी परत आले तेव्हा आत पाणी चालू होतं आणि बाथरूमचं दार लागलेलं होतं. हाका मारल्या. हंसाबेनच्या मिस्टरांनी दार फोडलं. हंसाबेननी मला कमरेला मिठी मारून मागे ओढून धरलं, आत जाऊ दिलं नाही. मी त्यांच्या हाताला चावले. दोघं एकमेकांजवळच पडले होते, एवढंच मला कळलं. त्या वायूला वास नसतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

पुढचे काही महिने मी नालासोपाऱ्याला बहिणीकडे होते. काय खाल्लं, कोण आलं, मला आठवत नाही. दोघांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझे थोरले दीर म्हणाले, सुनंदा, ते घर काढून टाक. त्यांनीच एक एजंट पाठवला. त्याने घरात पाय न ठेवता, दारातूनच डोकावून सांगितलं, ‘दो मौत का घर है, भाभी. चौथा हिस्सा तो जाएगा ही.’ मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं. खरोखर ढकललं, एका पायरीवर बसला तो. आणि त्याच दिवशी मी ठरवलं, या घराचा एक रुपयाही कमी होणार नाही. विक्रीत नाही, भाड्यात नाही. आयुष्यात एकदा मी जिथे कमी करायचं नव्हतं तिथे कमी केलं होतं. आता करणार नाही.

लोकांना वाटलं, बाईला हाव आहे. वाटू दे.

धंद्यात पडले तीही रागानेच. केबिन रोडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली. ती मिळवून देणाऱ्याने मला दोन वेळा फसवलं, तिसऱ्या वेळी मीच घरमालकाकडे परस्पर गेले आणि शेजारची खोलीही एका शिक्षिकेला लावून दिली. तिने मला पहिली दलाली दिली, पाकिटात घालून, सुनेची ओटी भरतात तशी. मग दुसरी आली, तिसरी आली. एकट्या बायका, घटस्फोटित बायका, ज्यांना सोसायट्या घर देत नाहीत, त्या माझ्याकडे यायच्या. मी सेक्रेटरीशी भांडायचे. मला भांडण हवंच असायचं. दिवसभर कोणाशी तरी भांडून आलं की रात्री झोप लागायची. लोक म्हणतात काम माणसाला सावरतं. मला कामाने सावरलं नाही, थकवलं. थकलं की तेवढा वेळ आठवत नाही, इतकंच.

माझं घर मात्र बंदच राहिलं. महिन्यातून एकदा जाऊन मी झाडून पुसून यायचे. गीझर पोलिसांनीच काढून नेला होता, पत्रा मी स्वतःच्या हाताने उचकटला. मेंटेनन्स भरत होते. वर्षातून पाच-सात गिऱ्हाइकं तिथेही न्यायचे. बाकीचे एजंट मला हसायचे, म्हणायचे, तांबे मॅडम दुसऱ्यांची घरं चार दिवसांत लावतात आणि स्वतःचं संग्रहालय करून ठेवलंय. बिल्डिंगमध्ये त्याला नावच पडलं होतं, गीझरवाला फ्लॅट. कुरिअरवालाही तसंच म्हणायचा.

आणि ते का लागत नव्हतं, हे मला माहीत होतं. हंसाबेनमुळे. मी गिऱ्हाइकाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर उतरले की त्यांचं दार किलकिलं व्हायचं. मी आत पंखे लावायला, खिडक्या उघडायला गेले की त्या जिन्यावर मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा सासूला गाठून काहीतरी सांगायच्या, बाथरूमच्या दिशेने हात करून. मग ते लोक आत यायचे ते चेहरा बदलूनच. इकडेतिकडे बघायचे आणि खाली उतरताना विचारायचे, कमी होईल का. किंवा विचारायचेही नाहीत, फोन उचलणं बंद करायचे. एकदा मी जिन्यातच हंसाबेनना म्हटलं, दुसऱ्याच्या मढ्यावर गप्पा मारायला बरं वाटतं का. त्या काहीतरी बोलायला गेल्या. मी लिफ्टचं दार ओढून घेतलं. त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांचे मिस्टर वारले तेव्हाही गेले नाही. ज्या माणसाने माझं दार फोडलं, त्याच्या मयताला मी गेले नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

आता सावंतांचं सांगते. सांगितलं नाही तर हा लेख अर्धा खोटा होईल.

सावंत म्हणजे एका कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. शांती नगरमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, नीटनेटका. पत्नी मालतीबाई वर्षभर अंथरुणाला खिळून त्याच घरात गेल्या होत्या. त्यांना घर विकून नाशिकला मुलीकडे जायचं होतं. माझ्याकडे घेणारा होता, पण त्याची उडी थोडी कमी पडत होती. दोन्ही बाजू माझ्याच, त्यामुळे सौदा मोडला तर दोन्हीकडचं गेलं असतं. तीन बैठका झाल्या. सावंत हलेनात. तिसऱ्या बैठकीत घेणारा फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा मी सावंतांना हळूच, अगदी आपुलकीच्या आवाजात म्हटलं, ‘काका, घरात मयत झालेलं आहे. लोक त्याचे थोडे कमी धरतातच.’

माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की मला कळलंही नाही मी कोणाचं वाक्य बोलले. सावंतांनी टीपॉयवरची काच हाताने पुसली. मग म्हणाले, ‘बरं. तुम्ही जाणकार आहात. मालतीचे किती कमी करायचे, ते तुम्हीच सांगा.’

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट बोलले असते, मला येतं ते. त्यांना खरंच माहिती हवी होती. लाइटबिल कुठे भरायचं विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

कथेत असतं तर मी तिथून उठून गेले असते. मी आकडा सांगितला. धंद्यात जो गप्प बसतो तो हरतो, ही सवय हाडात गेलेली होती. त्यांनी मान हलवली. घेणारा आत आला, सौदा झाला, पेढे आले, मीही एक खाल्ला. घरी येऊन मला ताप भरला. चार दिवस अंगात होता. मी त्या एजंटाला पायऱ्यांवरून ढकललं होतं. मला कोणी ढकललं नाही, उलट पेढा दिला.

माफी मागायला मी सावंतांकडे गेले होते, सामान हलवायच्या आदल्या दिवशी. त्यांनी चहा केला. मी सरळ सांगितलं की मी बोलले ते चूक होतं, माझी दलाली परत करते. त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, तुम्ही बोललात, बाकीचे मनात धरणारच होते. ते मोठेपणाने बोलले की थकल्यामुळे, मला सांगता येणार नाही. दोन्हींत फार फरक नसतो कधी कधी.

तेव्हापासून माझा नियम झाला. घरात कोणी गेलेलं असेल तर मी गिऱ्हाइकाला घर दाखवण्याआधी, खालीच, सरळ मराठीत नाहीतर हिंदीत सांगते. नको असेल तर वर येऊ नका. वर आलात तर भाव पाण्यावरून करा, रंगावरून करा, मजल्यावरून करा. गेलेल्या माणसावरून करायचा नाही. केला तर मी किल्ली घेऊन निघते. अशी काही गिऱ्हाइकं गेली. काही जण मात्र ऐकून घेतात, मान डोलावतात आणि त्यांच्याही घरातलं कोणाचं तरी सांगायला लागतात. जिन्याखाली उभ्या उभ्या मी इतक्या लोकांची मयतं ऐकली आहेत की तेवढ्यावर एक वेगळा अंक निघेल.

माझ्या स्वतःच्या फ्लॅटलाही तोच नियम लावला. तरी काही झालं नाही. खाली मी सांगायचे, वर हंसाबेन सांगायच्या, आणि दोनदा ऐकलेलं मरण कोणाला पचत नाही, असा मी अर्थ लावला.

यंदा उन्हाळ्यात सिल्विया आली. उत्तनची, कोळ्यांच्या घरातली, मीरा रोडला खासगी हॉस्पिटलात नर्स. नवरा गोदामात सुपरवायझर. उत्तनहून बसने येऊन ड्यूटी गाठायची म्हणजे अर्धा जीव बसमध्येच जातो, म्हणून तिला इकडे घर हवं होतं. चार घरं तिने नाकारली. प्रत्येक ठिकाणी ओट्याची उंची बघायची आणि नळ सोडून धार बघायची. आई मासे विकणारी, त्यामुळे भाव करायची पद्धत मला चांगलीच ओळखीची वाटली. आधी वस्तूला नावं ठेवायची, मग घड्याळ बघायचं, मग निघायचं.

पाचवं घर म्हणून मी तिला माझ्याकडे नेलं. खाली गेटपाशी सांगितलं. माझं घर आहे, माझा नवरा आणि मुलगा इथे गेले, गीझरच्या गॅसने. ती ऐकत होती. म्हणाली, ‘माझा काका ज्या बोटीवरून गेला आंटी, तीच बोट आता माझा भाऊ नेतो. चला वर.’

मी खिडक्या उघडायला आत गेले. नेहमीसारखं समोरचं दार किलकिलं झालं. नेहमीसारखी कुजबुज. मी आतल्या खोलीत दात चावत उभी राहिले. सिल्विया आत आली आणि सरळ बाथरूममध्ये गेली. खिडकीला हात लावून बघितला, तिची काच पुढे-मागे करून बघितली. मग बाहेर येऊन म्हणाली, ‘बरोबर हाय. उघडी राहते.’

मी विचारलं, त्या बाईंनी काय सांगितलं तुला.

‘त्या बा? म्हणाल्या, घर चांगलं आहे, माणसं चांगली होती, घे. फक्त बाथरूमची खिडकी कधी बंद करू नको, थंडी वाजली तरी. आणि गॅसचा गीझर आणू नको.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘का? तुम्हाला माहीत न्हाय?’

तिला तिथेच उभं ठेवून मी समोरचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत त्या दाराला मी हात लावला नव्हता. हंसाबेन उघडायला आल्या. कमरेतून वाकलेल्या, डोळ्याला जाड भिंग. त्यांनी मला बघितलं आणि आत वळून खुर्ची पुढे ओढली, जणू मी कालच येऊन गेले होते.

मी विचारलं, सगळ्यांना हेच सांगत होता का. त्या म्हणाल्या, हो, दुसरं काय सांगणार.

‘मग मला का नाही सांगितलं?’

‘तुला कोण सांगणार, बेन? तू लिफ्टमधून उतरते तेच भांडण घेऊन उतरते.’ त्या श्वास घ्यायला थांबल्या. ‘एक वार बोलायला गेली मी. तू लिफ्टचा दरवाजा ओढला. माझा अंगठा राहिला असता मध्ये.’

मग त्यांनी सांगितलं. मी आत खिडक्या बंद करत असताना माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबायची. मयताचं कोणाला फारसं वाटत नव्हतं. माझ्या बोलण्याचं वाटायचं. मी आकडा असा सांगायचे की समोरच्याने तोंड उघडलं तर भांडणच होईल. एक नवरा-बायको तर घ्यायला तयार होते, नळ गळतो म्हणून थोडं कमी करा म्हणाले, आणि मी त्यांना म्हटलं होतं, ‘माझ्या मुलाचे पैसे कापायला आलात का?’ मला ते आठवतही नव्हतं. हंसाबेनना शब्द न् शब्द आठवत होता. म्हणजे इतकी वर्षं त्या घरात मयताचा भाव करणारी एकच बाई होती.

मी त्यांच्या मिस्टरांबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं. त्या हातावर, अंगठ्याच्या खाली, दातांची एक पांढरट अर्धगोल खूण होती. मी बघितलं आणि त्यांनी मला बघताना बघितलं. म्हणाल्या, ‘चहा ठेवते. आधी त्या पोरीला बघ, उभी आहे बिचारी.’

मी परत आले. सिल्विया ओट्याशी उभी होती, नळ सोडून. नळातून थेंबही येत नव्हता.

‘पाणी किती वेळ येतं?’

मी खरं सांगितलं. एकच वेळ, तेही उन्हाळ्यात एक दिवसाआड, टँकर सोसायटी मागवते. तिने घड्याळ बघितलं. मग तोंड वाकडं केलं, आणि मला पुढचं सगळं आधीच दिसलं.

‘मग एवढं भाडं कशाचं, आंटी? पाणी न्हाय, लिफ्ट दुपारी बंद. दीड हजार कमी करा.’

माझ्या तोंडाशी तेच वाक्य आलं होतं, मुलाच्या पैशांचं. जिभेवर होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती पाण्यावरून बोलत होती. कोरड्या नळावर बोट ठेवून, पाण्याबद्दल. त्या घरात माझा मुलगा गेला होता, आणि ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि तिथे पाणी एक वेळ येत होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि वेगवेगळ्या होत्या.

‘दीड हजार?’ मी म्हटलं. ‘उत्तनला पाणी चोवीस तास येतं का?’

‘उत्तनला भाडं देत न्हाय मी.’

‘पाचशे.’

तिने पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली. मी हाक मारली नाही. ती उंबऱ्यावर रेंगाळली, चपलेत पाय घालायला नको तेवढा वेळ लावला.

‘हजार,’ ती पाठमोरीच म्हणाली. ‘आणि रंग तुम्ही काढून द्यायचा.’

मी ओट्याला टेकले. तिच्याशी अजून घासायचं म्हटलं असतं तर सहाशेवर आणलं असतं; ती पण आली असती, मला अंदाज होता. समोरून हंसाबेनच्या घरून चहाचा वास येत होता.

‘आठशे,’ मी म्हटलं, ‘आणि रंग कोणता पाहिजे ते आत्ता सांग.’